तेरावा वाटा

प्रथम क्षमा मागतो. लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे मला कधीही वाटलेले नाही. माझी सारी नोकरी न्यायालयात भाषांतरकार म्हणून झाली. साक्षीदार मालवणीत जे सांगेल ते प्रमाण मराठीत उतरवायचे, मराठीतले इंग्रजीत न्यायचे, आणि या दोन्ही फेऱ्यांत स्वतःचा एक शब्दही मिसळू द्यायचा नाही, हे माझे काम. ज्याच्या वाक्यात त्याचे स्वतःचे काहीच सापडत नाही तो चांगला भाषांतरकार, असे आमचे वरिष्ठ म्हणत, आणि त्यांच्या मते मी चांगला होतो. अशा माणसाने अडुसष्टाव्या वर्षी स्वतःचे म्हणून काही लिहायला बसावे, याचा संकोच हे लिहितानाही वाटतो आहे. परंतु मी जे पाहिले ते लिहून ठेवणारे दुसरे कोणी तेथे नव्हते, आणि ज्यांनी ते केले त्यांना त्यात लिहून ठेवण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. एवढ्याच आधारावर हे धाडस करतो.

निवृत्तीनंतर मी मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरच्या आमच्या गावी परतलो. बरोबर दोन लोखंडी ट्रंका भरून पुस्तके होती. आमच्या घराच्या खाली, सुरूची झाडे संपतात तिथून, रापणकरांची वाडी सुरू होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी समुद्रात अर्धा फेर घेत जाळे सोडते, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर राहतात, आणि वाडीतली माणसे दोन रांगांत उभी राहून ते तास-दोन तास ओढतात. मासळी वर आली की तिचे वाळूवर वाटे घालतात. ज्याचा हात दोराला लागला, त्याचा वाटा. म्हातारा असो, मूल असो, सहज फिरायला आलेला पाहुणा असो. जाळे ज्याचे, त्याचा वाटा वेगळा.

या रापणीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा आणि दोरावरचाही म्होरक्या, एकदा कसलीशी सरकारी नोटीस वाचून घ्यायला माझ्याकडे आला. नोटीस वाचून झाली तरी तो उठेना. ट्रंकांकडे पाहत राहिला. मग विचारले, एवढ्या पुस्तकांचे मी काय करणार. मी म्हटले, वाचणार. तो म्हणाला, ती तर वाचून झालेली दिसतात. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "आमचो मांगर दिवसाचो रिकामोच आसता. पोरां थंयच खेळतत. बघा."

मांगर म्हणजे पावसाळ्यात होडी आणि जाळी ठेवायची नारळीच्या झापांची मोठी शेड. हंगामात ती रिकामी असते. वाडीच्या मुलांना शाळा होती, शाळेत पुस्तकांचे कपाटही होते. पण पुस्तके खराब होऊ नयेत म्हणून ते बंद असे, आणि शिक्षक दोघेच असल्याने ते उघडून बसायला कोणाला सवड नसे. घरी पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक, ते परीक्षेनंतर धाकट्याकडे जाई. मी एका ट्रंकेतली मुलांजोगी पुस्तके निवडली, मांगराच्या खांबांना फळ्या बांधून घेतल्या, आणि एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात नियम लिहून टांगले: हात धुऊन यावे, शांतता राखावी, एका वेळी एकच पुस्तक घ्यावे, पान दुमडू नये. माझ्या अंगी जी काही शिस्त होती ती सगळी त्या पुठ्ठ्यावर होती.

पहिल्या आठवड्यात तीसेक मुले आली. दुसऱ्या आठवड्यात बारा. उरलेली समोरच वाळूत आरडाओरडा करीत खेळत, आणि आत बसलेल्या बाराजणांचे कान तिकडे असत. मी नियमांखाली बसून स्वतः वाचण्याचे निमित्त करी.

तेरावी एक मुलगी होती. सहावीतली, सडपातळ, वेणीला जाळ्याचा निळा दोरा बांधणारी. ती रोज सर्वांच्या आधी येई, मांगर झाडून काढी, फळीवरून एखादे पुस्तक घेई आणि एका थोरल्या मुलीच्या शेजारी बसे. ही थोरली आठवीत होती आणि मुलांत तिचा शब्द चाले. निळ्या दोऱ्याची मुलगी इतक्या एकाग्रतेने बसे की तिच्याकडे पाहून मला माझ्या उपक्रमाचे सार्थक झाल्यासारखे वाटे. बऱ्याच दिवसांनी माझ्या ध्यानात आले की थोरलीने पान उलटले की ही पान उलटते. थोरली थांबली की थांबते. थोरली हसली तर किंचित उशिराने हसते. तिला वाचता येत नव्हते.

हे मला कळले हे मी तिला कळू दिले नाही. एकट्यात गाठून शिकवावे असे मनात येई. पण सुरुवात कोणत्या वाक्याने करावी, ते सुचत नसे. तिचे वडील गोव्याकडच्या बोटींवर कामाला, आई सकाळी मासळीची पाटी घेऊन बाजारात. घरात वाचणारे कोणी नाही, आणि वर्गातून वर्गात ती नुसती सरकत आलेली. तिने हे सगळ्यांपासून राखून ठेवले होते. ते उघडे झाले तर ती मांगरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, याची मला खात्री होती. आणि मांगराखेरीज पुस्तकाजवळ बसायची दुसरी जागा तिला नव्हती. म्हणून मी गप्प राहिलो. भित्रेपणाला सभ्यपणा समजण्याची मला जुनी सवय आहे.

दिवाळीच्या सुमारास मी माझे एक खास पुस्तक मांगरात नेले. पाचवीत असताना ते मला बक्षीस मिळाले होते. जाड, कापडी बांधणीचे, आत माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. कौले घेऊन निघालेले एक गलबत वादळात भरकटून निर्जन बेटाला लागते. तिथे एका म्हाताऱ्या खलाशाचा पाय मोडतो. गलबताची डागडुजी होते, पण म्हाताऱ्याला उचलून नेण्याजोगी त्याची स्थिती नसते. पुढच्या हंगामात तुला न्यायला येऊ, असे वचन देऊन बाकीचे निघतात. मी पहिली दहा-बारा पाने वाचून दाखवली. बाहेर खेळणारे तीन-चारजण आत येऊन उभे राहिले, हे मी त्या मांगरात प्रथमच पाहिले. पुस्तक प्रत्येकाने पाळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस घरी न्यावे, असे मी ठरवून दिले. थोरलीने बोटांवर हिशेब केला आणि शांतपणे सांगितले की शेवटच्याची पाळी येईल तेव्हा होडी मांगरात आलेली असेल. तरीही नियम तो नियम, असे मी म्हणालो, आणि दुसऱ्याच दिवशी फोंडाघाटमार्गे कोल्हापुरास, मुलीकडे गेलो. माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. परत येईपर्यंत पंधरा दिवस झाले.

परतलो तर मांगरात तेरा मुले माझी वाट पाहत बसलेली. चेहऱ्यांवर काहीतरी चांगले केल्याचा आनंद. थोरलीने माझ्या हातात एक वस्तू दिली. ती माझ्या पुस्तकाची बांधणी होती, पुढचा पुठ्ठा, मागचा पुठ्ठा, मधले कापड, आणि आत माझ्या नावाची चिठ्ठी. पाने नव्हती.

मी विचारले, हे काय केलेत.

"वाटे घातले," थोरली म्हणाली. "कोणाक कमी नाय, जास्त नाय."

त्यांनी काय केले होते ते मला हळूहळू कळले. जाळे सांधायच्या सुरीने त्यांनी शिवणीचा दोरा अलगद कापला होता. एकही पान फाटलेले नव्हते. जुन्या बांधणीचे पुस्तक फर्म्याफर्म्यांनी शिवलेले असते, म्हणजे पानांच्या लहान लहान जुड्या एकामागे एक. अशा सव्वीस जुड्या निघाल्या. त्यांनी वाळूवर ओळीने तेरा वाटे मांडले, प्रत्येकी दोन जुड्या. मग रापणीवर करतात तसे एकाला समुद्राकडे तोंड करून उभे केले. दुसऱ्याने एकेका वाट्याला बोट लावून विचारायचे, "ह्यो कोणाचो?", आणि पाठमोऱ्याने न बघता एक नाव घ्यायचे. ज्याचे नाव, त्याचा वाटा. त्यात पक्षपात होऊ शकत नाही. सव्वीसला तेराने भाग जातो म्हणून बरे, नाहीतर काय केले असते, असे मी भानावर आल्यावर विचारले. उरलेला देवाचा, असे सांगण्यात आले. आणि हा पुठ्ठा माझ्याकडे का, तर जाळे ज्याचे त्याचा वाटा वेगळा.

मी रागावलो नाही, असे म्हणणे खोटे होईल. छप्पन्न-सत्तावन्न वर्षे जपलेली वस्तू होती ती. पण मला चढ्या आवाजात बोलता येत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिल्या वाट्याची मालकीण, जेमतेम तिसरीतली, उभी राहून वाचायला लागलीसुद्धा. रोज एकाने आपला वाटा सगळ्यांना वाचून दाखवायचा, ओळीने, असे त्यांचे ठरले होते. माझ्या येण्यासाठी ते थांबले होते.

ती अडखळत होती, एका ठिकाणी एक ओळ गाळली आणि मागे येऊन पुन्हा घेतली. कोणी हसले नाही. कोणी बाहेर पाहिले नाही. माझा पुठ्ठा, नियमांचा, वाऱ्याने उलटा फिरला होता, आणि तो सरळ करायला उठावेसे मला वाटले नाही.

त्या बारा दिवसांत मी जे पाहिले ते मला आजही नीट पेलत नाही. दुपार कलली, मांगराची सावली वाळूवर लांब पडली, की मुले जमत. ज्याचा वाटा असे त्याने तो घरी आठ-दहा वेळा मोठ्याने वाचून काढलेला असे, कारण सर्वांपुढे अडखळायचे नव्हते. त्यामुळे प्रत्येक घराला गोष्टीचा एकच तुकडा ठाऊक झाला. कोणाच्या घरी वादळ पाठ, तर कोणाच्या घरी गलबताची डागडुजी. सकाळी बाजाराच्या रिक्षात पाट्या घेऊन बसणाऱ्या बायका एकमेकींना विचारू लागल्या की तुमच्याकडे कुठपर्यंत आले. एक जण घाईत पुढचे बोलून गेली तेव्हा तिला बाकीच्यांनी गप्प केले. रिकाम्या मांगरात बसून मी वाचनाची गोडी लावायला निघालो होतो. ती वाडी त्या गोष्टीत कधी शिरली ते मला कळलेही नाही.

आणि रोज माझे लक्ष त्या निळ्या दोऱ्याकडे होते. पाठमोऱ्याने ज्या क्रमाने नावे घेतली त्यात शेवटचा, तेरावा वाटा तिच्या नावावर आला होता. बेटावर एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्याला न्यायला गलबत परत येते का, आणि तो तिथे असतो का, हे तिच्या दोन जुड्यांत होते. तिने आपला वाटा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी देवांच्या फळीवर ठेवला होता. मी परगावी गेलो नसतो तर हे टळले असते, असे मला वाटे. कसे, ते मात्र सांगता आले नसते.

बाराव्या दिवशी थोरलीने आपला वाटा वाचला. गलबत पुन्हा बेटाच्या दिशेने निघते, दुरून डोंगर दिसतो, आणि तिथे तिचे पान संपले. तेराव्या दिवशी निळ्या दोऱ्याची मुलगी आली नाही.

मी तिला शोधत खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. ती एका पडक्या होडीच्या आडोशाला बसली होती. पिशवी मांडीवर. मी काही बोलण्याआधीच तिने ती माझ्यापुढे धरली.

"माका वाचूक येना नाय," ती म्हणाली. "तुमी वाचा."

हे वाक्य उच्चारणे तिला किती जड गेले असेल ते मला आजही सांगता येत नाही. मी एवढेच करू शकलो की आश्चर्य दाखवले नाही. मला, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटले. पिशवी घेऊन मी मांगरात आलो. ती माझ्या मागे बरेच अंतर ठेवून आली आणि बाहेरच उभी राहिली. मी मुलांना म्हणालो की तिला बरे नाही, तिच्याऐवजी मी वाचतो.

थोरलीने माझ्याकडे पाहिले, मग बाहेर उभ्या असलेल्या तिच्याकडे. क्षणभरातच तिला सगळे कळले असावे; इतके दिवस शेजारी बसून आधीच कळलेले असेल तर तेही मला ठाऊक नाही.

"तो तिचो वाटो," ती म्हणाली. "तुमका घेवक येवचो नाय."

मी म्हटले, मी घेत नाही, फक्त वाचून परत देतो. तिने मान हलवली. रापणीवर कोणी आजारी पडला, वाटा उचलायला आला नाही, तर त्याचा वाटा ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवतात, इतर कोणी त्याला हात लावत नाही, हे मला माहीत नाही का, असे तिने विचारले. मला माहीत होते. मग पुस्तकाचे वेगळे काय. मी शेवटचा उपाय म्हणून सांगितले की शेवट मला पाठ आहे, तोंडी सांगतो. त्यावर तेरापैकी बारा मुले एकदम बोलली, आणि सर्वांचे म्हणणे एकच होते, सांगा नकात.

मी हरलो. पिशवी घेऊन बाहेर गेलो आणि तिच्या हातात परत दिली. मागून थोरलीचा आवाज आला, "शिक आणि वाच. आमी थांबतलव." त्यामागून एका पोराचा, "बेगीन शिक गो, आमी म्हातारे होतलव." सगळे हसले. ती खाली पाहत होती. पण मला वाटते तीही हसली. घरी जाईल, असे मी धरून चाललो होतो. ती आत आली आणि आपल्या जागेवर बसली.

तिला वाचता येत नाही याबद्दल त्या दिवशी कोणी काही बोलले नाही, पुढेही नाही. ती उणीव आहे असे त्यांच्या गावीही नव्हते. तिला अजून आपला वाटा उचलता आलेला नाही, एवढेच.

शिकवायचे कोणी, यावर चर्चा झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिसरीतली ती चिमुरडी आपल्या दोन जुड्या घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. गोष्ट निळ्या दोऱ्याच्या मुलीने कानांनी ऐकलेली होतीच. आता तीच वाक्ये बोटाखाली येऊ लागली. गलबत हा शब्द कुठे असणार हे तिला आधीच ठाऊक होते. तो तसा दिसतो, हे नवे होते. पहिल्या वाट्याला तिने कित्येक दिवस घेतले. मग दुसऱ्या वाट्याचा मालक आला. अशा रीतीने ज्याचा वाटा तो तिचा शिक्षक, आणि ओळ संपली की पुढच्याच्या हाती. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला मी तिथे असून नसल्यासारखा होतो. माझ्या वाट्याला पुठ्ठा आला होता, आणि पुठ्ठ्याचे काम पानांना धरून बसणे, ते मी करीत राहिलो. मधूनमधून कोकमाचे सरबत नेई.

पौष गेला, माघ गेला. इतर पुस्तकेही याच सुमारास फळीवरून खाली येऊ लागली. कोणी सांगितले नव्हते. वाट पाहताना दुसरे काय करणार. थोरल्या मुलांनी तीन-चार पुस्तके संपवली. पण त्या एका शेवटाचा विषय निघाला की मांगर गप्प होई. तो मला ठाऊक आहे, हे सर्वांना ठाऊक होते. एकदा बेगीन शिक म्हणणारा तोच पोरगा मला झाडाखाली एकटा गाठून म्हणाला, थोडेसेच सांगा, अर्धे. मी त्याच्याकडे पाहिले. मी तोंड उघडण्यापूर्वीच त्याने दोन्ही कानांत बोटे घातली आणि पळत सुटला.

तिची आई एका सकाळी पाटी खाली ठेवून आमच्या पायरीवर बसली. मला वाटले, मुलीला कामाला लावायचे सोडून हे काय चालवले आहे, असे विचारील. ती म्हणाली की पोरगी रोज सकाळी फळीवरच्या त्या पिशवीला हात लावते, उघडत मात्र नाही. मग आवाज खाली आणून विचारले, "म्हातारो गावता मा?" मी म्हटले, मला सांगायला बंदी आहे. ती हसली आणि पाटी उचलताना म्हणाली, "तुमी पण तसलेच झालास."

म्हातारा सापडतो, हे मला माहीत होते. दहाव्या वर्षापासून माहीत होते. गलबत बेटाला लागते, म्हातारा काठीच्या आधाराने वाळूवर उभा असतो, सगळे रडतात आणि हसतात. कठीण दिवसांत मी त्या चित्राकडे पुष्कळदा परत गेलेलो आहे.

शिमगा झाला आणि चार दिवसांनी ती थोरलीला म्हणाली, उद्या. एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढली होती. दुपारी मांगरात जागा पुरेना. बाजारातून लवकर परतलेल्या बायका, दोर गुंडाळणारी माणसे, कडेवरची पोरे. तांडेल दाराशी उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसला. तिची आई सगळ्यांच्या मागे, पाटी अजून हातात. मुलीने वेणीला नवा निळा दोरा बांधला होता. तिने पिशवी सोडली, जुड्या मांडीवर घेतल्या आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवले.

ती फार सावकाश वाचत होती. एक वाक्य, मग श्वास, मग पुढचे. एका जोडाक्षरावर ती थांबली. खूप वेळ थांबली. माझ्या ओठांवर तो शब्द आला होता. तेवढ्यात तांडेलाने तळहात वर केला. जाळे किनाऱ्याला टेकते, आत मासळी वळवळते, दोरावर अजून ताण असतो, तेव्हा तो असाच हात वर करतो आणि सगळा किनारा गप्प होतो. त्या वेळी घाईने ओढले तर जाळे फाटते. आता सगळा मांगर तसा उभा होता. साठ-सत्तर माणसे एका अकरा वर्षांच्या मुलीच्या बोटाकडे पाहत होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना ते बोट कशाखाली आहे हे कळत नव्हते. तिने शब्द सोडवला. हात खाली आला. ती पुढे गेली.

गलबत बेटाला लागले. खलाशी हाका मारीत वर गेले. म्हातारा तिथे नव्हता.

मी दचकलो. तिने चुकीचे वाचले, असे मला वाटले. पण ती वाचत होती आणि बोट ओळीवर होते. झोपडी होती. आतली जमीन सारवलेली होती. कोपऱ्यात वाळक्या लाकडांची मोळी रचलेली, आणि शेजारी पाण्याने भरलेले मडके, वर पान झाकलेले. जो कोणी पुढे येईल त्याच्यासाठी. खलाशी ते पाणी प्यायले, त्या लाकडांवर त्यांनी भात शिजवला. तो कुठे गेला ते त्यांना कळले नाही. निघताना त्यांनी मोळी पुन्हा रचली, मडके पुन्हा भरले, पान झाकले. गलबत सुटले. तिचे बोट शेवटच्या ओळीवर थांबले, आणि ती म्हणाली, संपला.

समुद्राचा आवाज आत आला. ज्या शेवटाच्या आधाराने मी इतकी वर्षे काढली तो त्या पुस्तकात कधी नव्हताच. दहा वर्षांच्या मला खरा शेवट सोसला नसावा, म्हणून मी दुसरा करून घेतला असावा, आणि मग विसरलो असेन की तो मीच केला. दुसऱ्याच्या वाक्यात स्वतःचा शब्द न मिसळण्याचे ज्याने आयुष्यभर काम केले, त्याने हे केले होते. त्या मुलीला वाचता आले नसते, किंवा मुलांनी मला सांगू दिले असते, तर त्या वाडीला माझा खोटा शेवट मिळाला असता, आणि मला खरा कधीच कळला नसता.

मग एकदम गलका झाला. म्हातारा गेला कुठे, यावर पोरांची भांडणे. कोणी म्हणे बुडाला, कोणी म्हणे चालायला लागला आणि दुसरी होडी बांधली. शेवटी त्यांनी तांडेलाला विचारले.

"कोणी तरी न्हेल्यान आसतला," तो म्हणाला. "पाणी भरून ठेवल्यान ना? मगे झाला."

बायका उठल्या. तिची आई पुढे आली, मुलीच्या वेणीचा सुटत आलेला दोरा घट्ट केला आणि पाटी घेऊन घरी गेली.

सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. जुड्या पुन्हा पिशवीत घालत होती. मला शेवट पाठ आहे असे मी म्हणालो होतो, मग वाचताना मी दचकलो का, असे तिने विचारले. तिने पाहिले होते. मी खरे ते सांगितले, की मला शेवट माहीत नव्हता, माहीत आहे असे नुसते वाटत होते, तिच्याकडूनच कळला.

तिने पिशवीला गाठ मारली. मग म्हणाली, "म्हणजे तुमकाय वाटो गावलो."

या गोष्टीला वर्ष होऊन गेले. मांगरात आता दुसरी पुस्तकेही वाट्यांनी वाचली जातात. पण ती शिवण न कापता, फर्म्यांच्या जागी खुणेचे दोरे बांधून, ही माझी एकच विनंती त्यांनी मान्य केली. निळ्या दोऱ्याची मुलगी नव्या आलेल्या लहानांना आपल्या वाट्यापासून शिकवते, आणि थांबायचे कुठे हे तिला माझ्याहून पुष्कळ चांगले कळते. माझ्या पुस्तकाच्या सव्वीस जुड्या मात्र अजून तेरा घरांत आहेत, बहुतेक देवांच्या फळीवर, आणि रिकामा पुठ्ठा माझ्या टेबलावर.

कुडाळला एक जुना बांधणीकार आहे. पाने आणून दिली तर पहिल्यासारखे शिवून देतो, असे तो म्हणतो. मी मागितले तर मुले आपापले वाटे आणून देतील. तसे त्यांनी सांगितले आहे. मी अजून मागितलेले नाहीत. रोज त्या पुठ्ठ्याकडे पाहतो आणि ठरत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर ते पुस्तक पुन्हा शिवून घेतले असते का?